दहा वर्षं झाली, आता बदलायचंच का?

प्रश्न : मी नाशिकची, वय ५४. २०१३ मध्ये कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढला आणि मुंबईत त्याच ऑपरेशनमध्ये सिलिकॉनचा इम्प्लांट बसवला. नंतर रेडिएशनचे शेकही घेतले. त्रास असा काही नाही, फक्त ती बाजू जरा घट्ट लागते. परवा जाऊबाई म्हणाल्या, "अगं, त्याची दहा वर्षांची मुदत असते. आत फुटला तरी कळायचं नाही." तेव्हापासून रात्री सारखा हात तिथेच जातो. पुन्हा ऑपरेशन करून घेऊ का?

उत्तर : ताई, जाऊबाईंचं मुदतीचं चुकलं, पण न कळण्याचं बरोबर आहे.

आधी मुदतीचं. इम्प्लांट म्हणजे औषधाची बाटली नव्हे, की तारीख उलटली म्हणून टाकून द्यावी. तो जन्मभर टिकेलच असं कुणी सांगत नाही, वर्षं वाढतात तशी बिघडण्याची शक्यताही वाढते. पण 'दहा झाली, काढा' असा नियम नाही. १९६२ मध्ये ह्यूस्टनला टिमी जीन लिंडसे या बाईंना जगातले पहिले सिलिकॉन इम्प्लांट बसवले, ते त्यांनी कित्येक दशकं तसेच ठेवले होते. शांत बसलेल्या इम्प्लांटला केवळ कॅलेंडर बघून हात लावायला मी तयार होत नाही. शेक घेतलेली कातडी दुसऱ्या ऑपरेशननंतर भरून यायला कुरकुरते, हे तर तुमच्या बाबतीत जास्तच लागू.

आता न कळण्याचं. मिठाच्या पाण्याचा इम्प्लांट फुटला तर फुगा बसावा तसा बसतो, आरशात दिसतं. सिलिकॉनचं तसं नाही. आतला जेल घट्ट असतो आणि शरीराने इम्प्लांटभोवती स्वतःचं एक पातळ आवरण विणलेलं असतं, त्यामुळे पिशवी फाटली तरी माल जागच्या जागी राहतो, आकार तोच. बाई खुशाल असते. एमआरआयवर मात्र फाटलेल्या पिशवीच्या घड्या जेलमध्ये तरंगताना दिसतात. पुस्तकात त्याला एका इटालियन पास्त्याचं नाव दिलंय, मला दर वेळी खिरीतल्या शेवया आठवतात. असं दिसलं, की त्रास नसला तरी मी बदलायचा किंवा काढायचा सल्ला देते.

म्हणून हाताने चाचपत बसू नका, तपासणी करा. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या एफडीएने २०२० मध्ये सांगितलं, की सिलिकॉनचा इम्प्लांट असलेल्या बाईने त्रास नसला तरी पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करावा आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी. तुमच्या पहिल्या तपासणीची वेळ केव्हाच होऊन गेली. सोनोग्राफीपासून सुरुवात करा, शंका आली तर एमआरआय. पालथं झोपावं लागतं, मशीन खडखडतं, पण फक्त फुटलाय का बघायचं असेल तर शिरेतून औषध लागत नाही. 'इम्प्लांट बघायचाय' हे चिठ्ठीवर लिहून घ्या, त्याची पद्धत निराळी असते.

तुमचं घट्ट लागणं बहुधा त्या आवरणाचं आहे. शेकानंतर ते आवळतं. त्याच्या आम्ही चार पायऱ्या मानतो. पहिल्या दोन सोडून द्यायच्या. तिसरीत हाताला टणक लागतं आणि आकार बिघडलेला दिसतो, चौथीत दुखतंही. तिथे ऑपरेशनचा विचार. तुम्ही कितव्या पायरीवर आहात ते पत्रावरून नाही सांगता येणार, हात लावूनच कळतं.

एका गोष्टीला मात्र थांबू नका : इतक्या वर्षांनी अचानक एक बाजू सुजली, आत पाणी झालं किंवा काखेत गाठ लागली, तर त्याच आठवड्यात दाखवा. खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटभोवती क्वचित लिम्फोमा नावाचा एक कॅन्सर होतो, त्यापायीच जुलै २०१९ मध्ये अॅलरगन कंपनीने आपले बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत घेतले. ते ज्यांच्या अंगात आहेत पण त्रास नाही, त्यांनी काढावेत असं मात्र एफडीएने सांगितलेलं नाही.

तुमचा कुठला होता? ऑपरेशनच्या फायलीत छोटा स्टिकर असतो : कंपनी, लॉट नंबर, किती सीसी, गुळगुळीत की खरबरीत. माझ्या एका पेशंट काकूंनी तो देव्हाऱ्याच्या खणात, कुंकवाच्या करंड्याखाली जपला होता. अर्धा पुसलेला, पण लॉट नंबर शाबूत! तुमचा सापडला नाही, तर डिस्चार्ज कार्ड घेऊन त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात जा.

आणि हो, उजव्या बाजूची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, यंदा झाली का? पत्रात तिचा उल्लेखच नाही.