दांडा बदलायचाय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मृगाच्या तोंडावर घरोघरी हत्यारांची डागडुजी निघते आणि त्याबरोबर प्रश्नही येतात. या वेळी बहुतेकांनी दांड्या-मुठींबद्दलच विचारलं आहे. सारख्या प्रश्नांची एकत्र मोट बांधून उत्तरं देतो.

प्रश्न : कुऱ्हाडीला गेल्या दिवाळीत नवीन दांडा घातला. उन्हाळा लागला तसं पातं खुळखुळायला लागलं. रात्रभर बादलीत बुडवलं की दोन-चार दिवस घट्ट राहतं, मग पुन्हा तेच. वरून खिळेही ठोकून पाहिले. काय करावं? (एक शेतकरी, संगमनेर)

आधी ती बादली बंद करा. लाकूड पाणी पिऊन फुगतं हे खरं, पण कुऱ्हाडीच्या नेढ्यात, म्हणजे दांडा जातो त्या भोकात, त्याला फुगायला जागाच नसते, चारी बाजूंनी लोखंड असतं. मग लाकडाचे आतले तंतू जागच्या जागी चेपले जातात. वाळल्यावर ते पहिल्या मापाला येत नाहीत, त्याहूनही बारीक होतात. म्हणजे तुम्ही जितक्या वेळा भिजवाल, तितका दांडा नेढ्यात सैल होत जाणार. शिवाय आतून गंज चढतो आणि लाकूड कुजायला लागतं. खिळ्यांनी तर दांड्याचा माथाच फाटतो.

मूळ दुखणं बहुधा दिवाळीतच झालं आहे. पावसाळा नुकताच सरलेला असतो, लाकडात ओल असते. अशा लाकडाचा दांडा तेव्हा कितीही ठोकून बसवला तरी चैत्र-वैशाखात आकसणारच. ओल साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरली की लाकूड आकसू लागतं. लांबीत ते जवळजवळ आकसत नाही, आकसतं ते जाडीत. म्हणून दांडा बसवायचा सर्वांत चांगला काळ एप्रिल-मे, आणि तोही पूर्ण वाळलेल्या लाकडाचा. पावसाळ्यात तो थोडा फुगला तर पकड वाढेल. उन्हाळ्यात सुटायची भीती राहणार नाही.

आता बसवणं. दांड्याचा माथा नेढ्याच्या आकाराचा, लांबट गोल तासून घ्या. नेढ्याच्या आतल्या बाजूला दिव्याची काजळी फासा, दांडा घालून हलकेच ठोका आणि बाहेर काढा. जिथे काळं लागलं तिथे लाकूड जास्त आहे; तेवढंच कानशीने किंवा काचेच्या तुकड्याने खरवडा. पुन्हा काजळी, पुन्हा खरवडणं. सगळं काळं एकसारखं उमटेपर्यंत हे करत राहा. कंटाळवाणं आहे, पण दांडा टिकतो तो इथेच. खाली जिथे पातं टेकणार तिथे दांड्याला जरा रुंद खांदा ठेवा.

माथ्यावर, नेढ्याच्या लांब बाजूने, करवतीने चीर पाडा. ती नेढ्याच्या खोलीच्या दोन-तृतीयांश असावी. मग दांडा पात्यात घाला आणि पातं खाली लोंबतं राहील असं हत्यार उलटं धरा. दांड्याच्या वर आलेल्या बुडावर लाकडी मोगरीने ठोके द्या. जड पातं जागचं हलायला तयार नसतं आणि दांडा त्याच्यात शिरत जातो, म्हणून जमिनीवर आपटण्यापेक्षा असा तो घट्ट बसतो. माथा नेढ्याच्या तीन-चार मिलिमीटर बाहेर आला पाहिजे. मग कोरड्या कठीण लाकडाची, चिरेइतकी रुंद, निमुळती पाचर ठोका. पाचर आणखी जात नाही असं वाटलं की थांबा, उगाच जोर केला तर खालचा खांदा चिरतो. लोखंडी पाचर लावायचीच तर लाकडी पाचरीला आडवी, आणि एकच.

पहिले काही घाव हलके घाला, आणि त्या वेळी पात्याच्या रेषेत समोर कोणी उभं नको. दोन दिवसांनी पाचर तपासून पुन्हा एक ठोका द्या.

प्रश्न : बांधावर बाभूळ, कडुनिंब, सुबाभूळ आणि थोडी निलगिरी आहे. दुकानातले दांडे लवकर मोडतात. यातलं कोणतं लाकूड घेऊ? (एक वाचक, बार्शी)

बाभूळ. कुऱ्हाड, घण, कुदळ, म्हणजे जिथे घाव बसतो तिथे तुमच्याकडची बाभूळच. आपल्याकडे त्याहून चांगलं लाकूड धामणीचं. धामण वाकते, घावाचा झटका स्वतः पिते आणि परत सरळ होते. पण ती जंगलातली, बांधावर सहसा मिळत नाही. तिवसाचं लाकूडही नामी, पूर्वी गाड्यांना आणि अवजारांना ते वापरत. बोरीचं बुंध्याचं लाकूड मिळालं तर सोडू नका. कडुनिंब आणि सुबाभूळ खुरप्या-विळ्यांच्या मुठींना चालतात, कुऱ्हाडीला नकोत. साग दिसायला छान, ऊन-पावसात फारसा हलत नाही, पण घावाखाली कडकन मोडतो. निलगिरीत रेषा, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या ओळी, पिळवटलेल्या असतात, वाळताना दांडा वाकतो किंवा तडकतो.

पण झाडाच्या नावापेक्षा लाकडाची रेष जास्त महत्त्वाची आहे, आणि दुकानातले दांडे मोडतात ते बहुतेक याच कारणाने. करवतीने फळी कापून केलेल्या दांड्यात रेष तिरकी जाऊन मध्येच कडेला बाहेर पडते. त्या जागी दांडा मोडतो, मग तो बाभळीचा असो की धामणीचा. दुकानात दांडा घेताना तो डोळ्यांसमोर लांब धरून पाहा. फूटभर लांबीत रेष अर्ध्या इंचाहून जास्त कडेकडे सरकत असेल तर परत ठेवा. रेष दिसत नसेल तर फाउंटन पेनच्या शाईचा एक थेंब टाका, शाई ज्या दिशेने पसरेल तीच लाकडाची रेष.

घरी करायचा असेल तर ओंडका करवतीने कापू नका, पाचरी घालून फोडा. फोडताना लाकूड स्वतःच्या रेषेने दुभंगतं, त्यामुळे रेष एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहते. मधला मऊ गाभा वगळा, फाटण्याची सुरुवात तिथूनच होते. फावड्याला किंवा कुदळीला मनगटाएवढी सरळ फांदी अख्खी वापरतात, ती चालते. मात्र वाळताना तिला गाभ्यापासून उभी चीर पडू शकते, हे धरून दोन-तीन फांद्या जास्तीच्या घ्या.

फोडल्यावर लगेच दोन्ही टोकांना मेण किंवा ऑइल पेंट लावा, नाहीतर टोकं आधी वाळून तडकतात. जुन्या लोकांचं शेणही हेच काम करतं. सावलीत, वारा खेळेल असं रचा. कधी वाळलं हे ओळखायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरे: दर आठवड्याला वजन करा, दोन-तीन वेळा आकडा तोच आला की लाकूड तुमच्या हवेपुरतं वाळलं. घाई असेल तर नेढ्यात जाणारं टोक तेवढं चुलीवरच्या माळ्यावर काही दिवस ठेवा.

बाभळीच्या बाहेरच्या फिक्या लाकडाला भुंगेरा लागतो आणि पिठासारखी भुकटी पडते. तो लाकडातल्या पिष्टावर (स्टार्चवर) जगतो. म्हणून पूर्वी बाभळीचे ओंडके काही महिने पाण्यात बुडवून ठेवत, पिष्ट पाण्यात उतरे. एका दांड्यासाठी एवढं करायला नको. आतलं लालसर, जड लाकूड घ्या, म्हणजे झालं.

प्रश्न : जुन्या दांड्याचा मोडका तुकडा नेढ्यात अडकला आहे. चुलीत टाकून जाळून काढला तर चालेल का? (एक वाचक, कणकवली)

नाही. जाळाने लाकडाबरोबर पात्याचं पाणीही, म्हणजे लोहाराने पोलादाला दिलेला कडकपणा, उतरतं. पोलाद साधारण २२० अंशांना फिकट पिवळं दिसायला लागतं, ३०० च्या आसपास निळं. धारेवर तो निळा रंग आला की ती मऊ पडली असं समजा. चुलीतला जाळ याच्या कितीतरी वर असतो. एकदा पाणी उतरलं की लोहाराकडून पुन्हा पाणी दिल्याशिवाय धार टिकणार नाही.

तुकडा पात्याला लागून करवतीने कापा. खिळे असतील तर आधी पक्कडीने ओढून काढा. लाकडात ड्रिलने चार-पाच भोकं पाडा आणि खालून वर, म्हणजे पाचर ज्या बाजूला दिसते त्या बाजूकडे, जाड सळईने ठोकून काढा. वरची बाजू पाचरीने फुललेली असते, उलट ठोकलं तर तो जास्तच आवळला जातो. टिकावाचं मात्र वेगळं असतं: त्याचा दांडा वरून सोडलेला असतो, पाचरीवाचून स्वतःच्या जाड टोकाने अडकतो, म्हणून तो वरच्या बाजूनेच निघतो.

प्रश्न : आई साठीच्या पुढची आहे, अजून निंदायला जाते. खुरप्याच्या मुठीने तिचा अंगठा आणि मनगट दुखतं. मूठ बदलून फरक पडेल का? (एक वाचक, केज)

पडेल, आणि हे काम सगळ्यात आधी हाती घ्या. आपल्याकडे निंदणी-खुरपणी मुख्यतः बाया करतात, दिवसदिवस उकिडव्या बसून, आणि त्यांच्या हातातलं खुरपं बाजारातून जसं आलं तसंच वर्षानुवर्षं चालतं. मूठ कोणाच्या हाताला बसते याचा विचार ना करणारा करतो, ना विकत घेणारा. हे बदलायला हवं, आणि घरी बदलता येतं.

बाजारातली मूठ बहुधा बारीक आणि आखूड असते. बारीक मूठ धरायला बोटं जास्त आवळावी लागतात, अंगठ्याच्या मुळाशी ताण येतो. आखूड मुठीचं टोक तळहाताच्या मध्यात रुतत राहतं.

माप आईंच्याच हातावर घ्या. जुन्या मुठीवर सुती चिंधी एक-एक वेढा गुंडाळत जा आणि दर वेळी त्यांना माती उकरून पाहायला सांगा. ज्या वेढ्याला त्या "हं, हे बरं" म्हणतील तिथे थांबा आणि दोरीने घेर मोजा. साधारणपणे मूठ धरल्यावर अंगठ्याचं टोक तर्जनीच्या नखावर यावं. लहान हाताला ही जाडी तीस मिलिमीटरच्या आसपास येते. लांबी तळहाताच्या रुंदीपेक्षा दोन बोटं जास्त ठेवा.

मुठीचा आडवा छेद गोल नको, लांबट गोल हवा, म्हणजे पातं हातात फिरत नाही आणि ते धरून ठेवायला वेगळा जोर लागत नाही. मागचं टोक थोडं फुगीर ठेवा, करंगळीला अडण मिळते. बोटांच्या खाचा मात्र पाडू नका. त्या एकाच पकडीला जुळतात, आणि निंदताना हात सारखा जागा बदलतो.

जुनी मूठ फोडून काढा. पात्याची शेपटी लांब असेल तर ती नव्या मुठीतून आरपार काढून, मागे वॉशर घालून, टोक ठोकून मुडपा. खुरप्याला याहून पक्कं काही नाही. शेपटी आखूड असेल तर भोक आधी जाड, मग बारीक ड्रिलने टप्प्याटप्प्याने पाडा आणि दोन नळ्यांतलं एपॉक्सी भरून बसवा. पूर्वी लाखेत विटेची भुकटी मिसळून भरत आणि शेपटी तापवून दाबत, तेही चांगलं. फक्त पात्याला ओलं फडकं गुंडाळा, धारेकडे उष्णता जाता कामा नये. मुठीच्या तोंडाशी पितळी किंवा लोखंडी नळीचा पंधरा-वीस मिलिमीटरचा तुकडा शेंबी म्हणून घट्ट बसवा, नाहीतर पहिल्याच दगडाला मूठ चिरेल.

हेच विळ्यालाही लागू आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा तुमच्या घरात असेल तर त्याची मूठही आईंच्या मापाची करून द्या.

मूठ बदलूनही महिनाभरात दुखणं उतरलं नाही तर डॉक्टरांना दाखवा, आणि तोवर त्यांना दिवसभर निंदायला पाठवू नका.

प्रश्न : फावड्याला लोखंडी पाइप वेल्डिंग करून घेतला तर दांड्याची कटकटच मिटेल ना? (एक तरुण शेतकरी, जत)

दांडा मोडायची मिटेल, हाताची सुरू होईल. दगडाला लागल्यावर बसणारा झटका लाकूड बराचसा जिरवतं, पाइप तो सरळ मनगटात पाठवतो. मे महिन्यात दुपारी तो हातात धरवत नाही. वेल्डिंगच्या जागेभोवतालचं पोलाद मऊ पडतं किंवा ठिसूळ होतं, आणि पाइप वाकला की अख्खं फावडं दुकानात न्यावं लागतं. बांधावर फांदी आहे तोवर पाइप नको.

प्रश्न : नव्या दांड्याला व्हार्निश लावू की तेल? (एक वाचक, डोंबिवली)

तेल. व्हार्निशचा थर गुळगुळीत असतो, घामाने हात सरकतो आणि चिकटून फोडही येतात. पॉलिश पेपरने फार चकचकीत करू नका, जरा खरखर राहू द्या. जवसाचं तेल चिंधीने चोळा, अर्ध्या तासाने जादा तेल पुसा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे तीन-चार हात दिले की पुरे. पुढे वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी. नेढ्यातून वर आलेल्या माथ्याला आणि दांड्याच्या बुडाला जास्त पाजा, ओल तिथूनच शिरते. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल वापरू नका, ते वाळत नाही, चिकट राहतं.

तेलाने भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती उघड्यावर पसरून कडक होईपर्यंत वाळवा, मगच कचऱ्यात टाका.