घराची दर्शनी बाजू ठरवताना

नव्या घराच्या दर्शनी बाजूचे नमुने पाहण्याआधी बेळगाव जिल्ह्यातली आपली जागा खानापूरकडच्या मुसळधार पावसाच्या पट्ट्यात आहे की अथणीकडच्या कोरड्या, काळ्या जमिनीच्या, हे तुम्ही लक्षात घ्यावे. खानापूरकडे पाऊस वाऱ्यासोबत तिरपा येत असल्याने खिडक्यांवर 60 सेंटिमीटरचा छज्जा हवाच, आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी बारीक खाच गवंड्याकडून आठवणीने पाडून घ्यावी. ती नसली तर पाणी छज्ज्याच्या खालच्या अंगाने सरकत भिंतीपर्यंत येते आणि नव्या रंगावर काळे ओघळ उमटतात. जांभा उघडा ठेवायचा असेल तर दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, नीट भराव्यात, कारण तो दगड सच्छिद्र असतो.

प्रवेशाबाबत माझे मत ठाम आहे: उंच कमानीपेक्षा छप्पर असलेला रुंद सोपा, म्हणजे ओसरी, बांधावा, कारण तेथे ओल्या छत्र्या ठेवता येतात आणि आलेल्या माणसाला टेकायलाही जागा मिळते. पायरी 15 सेंटिमीटर उंच व 30 सेंटिमीटर रुंद असावी, आणि तिच्यावर चकचकीत ग्रॅनाइट मुळीच नको. पावसाळ्यात वयस्कर माणसे तेथेच घसरतात.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून अंगणात फरशी बसवण्याआधी वरचा थर काढून मुरूम भरावा व धुमसून घ्यावा. पारिजातक, जास्वंद, अनंत निःशंकपणे लावा. वड, पिंपळ, उंबर मात्र पायाजवळ नकोत. तुळशीवृंदावनासाठी सकाळचे ऊन येणारी जागा नकाशातच राखून ठेवावी, आणि अंगणाचा उतार घरापासून बाहेरच्या बाजूस आहे याची फरशी बसण्यापूर्वी पाणी ओतून खात्री करावी.