तुमचे प्रश्न : दोन मुलगे वाढवले, आता आम्ही काय शिकायचं?

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही गोव्यात डिचोलीला असतो. मी 46, मिस्टर 49, दोन्ही मुलगे कॉलेजला म्हणून बाहेर. घर रिकामं रिकामं वाटतं, म्हणून फॉस्टर केअरला, म्हणजे गरजू मूल काही काळ आपल्या घरी सांभाळायला, अर्ज केला, घरी येऊन चौकशीही झाली. आता म्हणतात मूल येण्याआधी ट्रेनिंगला या. मिस्टर म्हणतात दोन पोरं वाढवली, मला कोण काय शिकवणार, आणि खरं सांगू, मलाही तसंच वाटतं. आठ वर्षांची मुलगी येईल असं कळलंय. चवथीआधी, म्हणजे गणपतीआधी आली तर सगळ्या घरच्यांना एकदमच दाखवता येईल. ट्रेनिंग टाळता येतं का?

उत्तर : टाळू नका. आणि मिस्टरांना सोबत घेऊनच जा, बायकोला पुढे करून आपण मागे राहायचं हे या कामात चालत नाही.

तुमचे मुलगे जन्मल्यापासून तुमच्याजवळ होते, रात्री जाग आली तर आई इथेच आहे हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. ही मुलगी आठ वर्षं दुसरीकडे जगून येणार, तिला मोठ्या माणसांचा काय अनुभव आहे ते तुम्हाला माहीत नाही, आणि तुमच्या घरात पहिले काही महिने ती फक्त बघत राहणार की ही माणसं कधी ओरडतात, कधी परत पाठवतात. काही मुलं तर मुद्दाम चिडवून बघतात, एकदाचं कळू दे म्हणून.

मी स्वतः पहिल्यांदा अशा ट्रेनिंगला बसले तेव्हा आम्हाला पाच चिठ्ठ्या दिल्या होत्या. आपल्याला सगळ्यात जवळची पाच माणसं, वस्तू, जागा लिहा. मग शिकवणाऱ्या बाई प्रत्येकाजवळ येऊन न विचारता एकेक चिठ्ठी काढून घेत गेल्या. माझ्या शेजारी एक पन्नाशीचे गृहस्थ होते, सकाळपासून घड्याळ बघत होते, त्यांची शेवटची चिठ्ठी 'आई' होती आणि ती त्यांनी मुठीत इतकी घट्ट धरली की सोडेचनात. बाई एवढंच म्हणाल्या, तुमच्याकडे येणाऱ्या मुलाचं हे खरोखर झालेलं असतं. त्यानंतर त्या गृहस्थांनी घड्याळ बघितलं नाही. मिस्टरांना हे जरूर सांगा.

आता एक घरातली गोष्ट, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. फोंड्याच्या बाजूला एका घरी दहा वर्षांचा मुलगा आला होता. चांगली माणसं, दोन वेळा पोटभर जेवण, तरी एक दिवस त्याच्या उशीच्या अभ्र्यात उंड्याचे, म्हणजे आपल्या गोल पावाचे, तुकडे सापडले, वाळलेले, मुंग्या लागलेले. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, आला की हा एक उंडो गुपचूप काढून ठेवायचा. त्या घरच्या बाईंना फार लागलं, सगळ्यांसमोर म्हणाल्या, आमच्याकडे तुला जेवायला कमी पडतं का रे? तो त्या दिवसापासून नीट जेवेचना. त्याला तिथे कमी पडत नव्हतं, आधी कधीतरी पडलेलं होतं, आणि ते पोट विसरत नाही. मग आम्ही काय केलं, एक झाकणाचा डबा आणला, रोज रात्री त्याच्यासमोर त्यात बिस्किटं आणि उंडो भरायचा आणि त्याच्या उशाशी ठेवायचा, हा तुझा, कधीही खा, कोणी विचारणार नाही. काही महिन्यांनी तो डबा त्याने आपणहून स्वयंपाकघरात आणून ठेवला. ट्रेनिंगमध्ये हेच शिकवतात, की चोरी दिसते तिथे भीती असू शकते, आणि ओरडायच्या आधी थांबून बघायचं. तुमच्या मुलग्यांनी कधी उंडो लपवला नाही, मग तुम्ही हे शिकणार कुठून?

दुसरं, आणि हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फॉस्टर केअर म्हणजे दत्तक नव्हे. मूल तुमच्याकडे बाल कल्याण समितीच्या आदेशाने येतं आणि परिस्थिती सुधारली तर आपल्या घरी परत जातं. 2024 च्या नव्या सूचनांप्रमाणे, मूल कायद्याने दत्तक देण्याजोगं असेल तर फॉस्टर पालकांना दोन वर्षांनी दत्तकासाठी पुढे जाता येतं, आधी हीच मुदत पाच वर्षं होती, आणि एकट्या माणसालाही आता फॉस्टर पालक होता येतं. पण तेवढ्यावर डोळा ठेवून मूल आणू नका. समितीने मनाई केलेली नसेल तर तिची आई तिला भेटायला येऊ शकते. भेट झाली की कधी कधी त्या रात्री मूल अंथरूण ओलं करतं, दोन दिवस बोलत नाही, आणि घरातली बायामाणसं लगेच म्हणतात की ही आई येते कशाला. तसं म्हणू नका, मुलीच्या कानावर तर अजिबात पडू देऊ नका, आईला नावं ठेवली की मूल ते स्वतःवर घेतं.

चवथीचं म्हणाल तर चाळीस माणसांत आठ वर्षांच्या नवख्या मुलीला उभं करू नका. आधी घरच्या चौघांची सवय होऊ दे. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वरची फळांची चौकट, बांधताना तिला वाटलं तर एखादं फळ तिच्या हाताने बांधू दे, नाही वाटलं तर खोलीत बसू दे. कोणी विचारलं तर 'आमच्याकडे राहते' एवढं पुरे, तिची आधीची कहाणी ही तिची आहे, ती मावशी-आत्यांना सांगायची नाही. आणि तिचा फोटो स्टेटसला टाकू नका, अशा मुलांची ओळख उघड करायला 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 ने बंदी आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. मारायचं तर नाहीच, एक चापटही नाही, भले तुमच्या मुलग्यांनी खाल्ली असेल.

ट्रेनिंगला जाताना प्रश्न लिहून न्या. तिला कसली औषधं चालू आहेत, तिला भाऊबहीण आहेत का आणि ते कुठे आहेत, रात्री दोनला काही झालं तर फोन कुणाला करायचा. समितीने दर महिन्याला घर तपासावं असं कायद्यातच आहे, तेव्हा तो अपमान समजू नका, त्या दिवशी अडचणी मोकळेपणाने सांगून टाका.

प्रश्न : ताई, मी 24 वर्षांची, एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) करून वास्कोच्या बाजूला मुलांच्या कामात कॉन्ट्रॅक्टवर लागलेय. तीन दिवसांचं ट्रेनिंग झालं, सगळं पीपीटीवर, कायदा पाठ झाला पण समोर मूल बसलं की मला काय बोलायचं तेच कळत नाही. मागच्या आठवड्यात एक मुलगी म्हणाली, कुणाला सांगणार नाही ना? मी घाबरून 'नाही सांगणार' म्हणाले.

उत्तर : अगं, घाबरलीस ते साहजिक आहे, पण ते वचन दिलंस ते परत घ्यावं लागेल, आणि आजच. मुलीने लैंगिक अत्याचाराचं काही सांगितलं असेल तर 2012 च्या पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे, लपवलं तर शिक्षा आहे. तिच्याकडे जा आणि सांग, मी त्या दिवशी चुकीचं बोलले, तुला सुरक्षित ठेवायचं तर मला दोन माणसांना सांगावंच लागेल, ती कोण ते मी तुला आधी सांगेन. मुलं खरं सांगितलेलं सहन करतात गं, फसवलेलं नाही. आणि तिच्याकडून पुन्हा पुन्हा ते वदवून घेऊ नको. पोलीस जबाब तिच्या घरी किंवा तिला बरं वाटेल तिथे घेतात, शक्यतो महिला अधिकारी, वर्दी न घालता, हेही तिला आधीच सांग म्हणजे ती दचकणार नाही.

बोलायचं कसं, तर सुरुवातीला बोलूच नको. फाईल बाजूला ठेव, टेबलाच्या पलीकडून उठून तिच्या शेजारी बस, खाली जमिनीवर बसलीस तर आणखी बरं. तुझ्याकडे येणारी किती मुलं घरी कन्नड बोलतात बघ, कोकणी-मराठी त्यांना शाळेत भेटते. निदान 'ऊट आयता?' एवढं शीक, म्हणजे जेवलीस का. चेहरा कसा बदलतो ते तुला दिसेल. 'बाबा मारायचे का?' असं हो-नाहीचं विचारू नको, 'घरी संध्याकाळ कशी असायची?' असं विचार आणि गप्प राहा, ती गप्प राहिली तरी राहा.

तीन दिवसांत हे येत नाही. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत 'संवाद' नावाचा विभाग आहे, केंद्राच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने उभा केलेला, तो नेमकं याचंच प्रशिक्षण देतो, ऑफिसात त्याची चौकशी कर. आणि सिनियरांकडे आठवड्यातून एक तास हक्काने माग, फक्त केसबद्दल बोलायला. रात्री झोप लागत नसेल तर तेही त्यात सांग. तू दगड नाहीस.

प्रश्न : सत्तरी तालुक्यातून लिहिते. मुलगी आणि जावई दोघंही गेले, नातू माझ्याकडे, इयत्ता चौथी. त्याचे फॉस्टरचे पैसे मला मिळतील का?

उत्तर : आजी, कायद्यातलं फॉस्टर केअर हे रक्ताचं नातं नसलेल्या कुटुंबासाठी आहे, त्यामुळे ते नाही. पण मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत स्पॉन्सरशिप, म्हणजे मुलासाठी आर्थिक मदत, आहे, महिना 4000 रुपये, आणि नातेवाईकांकडे राहणारी अनाथ मुलं त्यात बसतात. घराचं वर्षाचं उत्पन्न गावात 72,000 च्या वर नको. नातवाचा जन्मदाखला, दोघांचे मृत्यूदाखले, उत्पन्नाचा दाखला आणि शाळेचं बोनाफाईड घेऊन जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा, झेरॉक्स दोन-दोन काढा. कुठे जायचं कळलं नाही तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावा, फुकट आहे. जाताना नातवाला सोबत न्यायची गरज पडली तर शाळा बुडाली म्हणून रागावू नका त्याच्यावर.