कादंबरी सहज वाचून होते, कविता मात्र डोक्यावरून जाते. असं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला राहता, २७ फेब्रुवारीच्या, म्हणजे कुसुमाग्रजांच्या जन्मदिवसाच्या, आसपास गावभर कविता कानावर पडते, कथा-कादंबऱ्या भराभर वाचता, पण कवितासंग्रह उघडला की चार पानांत मिटतो. अर्थ लागत नाही, आणि लागला तरी मजा येत नाही. दोष तुमचा की कवितेचा?

बहुतेक वेळा दोष वाचण्याच्या पद्धतीचा असतो, आणि ती पद्धत आपण शाळेतून घेऊन आलेलो असतो. दहावीच्या मराठीत कवितेवर काय विचारतात ते आठवा: कवितेचा विषय, कवितेतून मिळणारा संदेश, कविता आवडण्याचं कारण. कविता म्हणजे आत संदेश ठेवून वरून सजवलेला मजकूर, अशी समजूत त्यातून पक्की होते. संदेश सापडला की बाकीच्या ओळी निरुपयोगी वाटतात. नाही सापडला तर आपण नापास. दोन्हीकडून कविता वाचायची राहून जाते. तेव्हा पहिल्या वाचनात 'कवीला काय म्हणायचंय' हा प्रश्न बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा: बोलतोय कोण, कोणाशी, आणि वाक्य कुठे संपतंय?

वाक्याबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण खरी अडचण निम्म्याहून जास्त वेळा तिथेच असते आणि लोक तिला 'खोल अर्थ कळत नाही' असं नाव देतात. मराठीत विभक्तीमुळे शब्द जागचे हलवता येतात. कवी कर्ता शेवटी टाकतो, क्रियापद आधी आणतो, विशेषण नामापासून तोडून भलतीकडे ठेवतो. मर्ढेकरांची 'पिपांत मेले ओल्या उंदिर' ही ओळ घ्या. घाईत वाचणारा 'ओल्या' हा शब्द 'उंदिर'ला जोडतो आणि अडखळतो. उंदिरांबद्दल असतं तर 'ओले' आलं असतं. 'ओल्या' हे सामान्यरूप आहे, म्हणजे प्रत्यय लागलेल्या नामाआधी येणारं रूप, ते फक्त 'पिपांत'शीच जुळतं: ओल्या पिपांत उंदिर मेले. एवढा अन्वय, म्हणजे कोणता शब्द कशाशी जोडायचा ते, लागला की ओळ स्वच्छ होते. मग पुढचा प्रश्न आपोआप पडतो: सरळ लिहिता आलं असतं, तर हा शब्द उपटून उंदिरांना का चिकटवला? आता ओल पिपाची आहे, पण ती मेलेल्या उंदरांनाही लागते. हे गद्यात साधत नाही. अन्वय लावल्याशिवाय हे दिसत नाही, आणि अन्वय लावून तिथेच थांबलं तरीही दिसत नाही.

म्हणून पेन्सिल घेऊन बसा. क्रियापदाखाली रेघ मारा, त्याचा कर्ता शोधा, वाक्य संपतं तिथे उभी खूण करा. ओळ संपली म्हणजे वाक्य संपलं असं नसतं, आणि विरामचिन्हं बऱ्याच कवितांत नसतातच. क्रियापद सापडलं नाही तर ते गाळलेलं आहे का ते पाहा; 'आहे', 'होते' तर सर्रास गाळतात. मग कडवं एकदा साध्या गद्यात लिहा. हा अर्थ नव्हे, फक्त रचना. अडलेल्या शब्दासाठी मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. कोश दुसऱ्या वाचनाच्या वेळी उघडा. पहिल्यांदाच उघडलात तर लय तुटते आणि शब्दार्थांची यादी तेवढी हाती येते.

आता बालकवींची 'औदुंबर' काढा. पाठ्यपुस्तकामुळे अनेकांच्या ओळखीची, फक्त आठ ओळींची. संदेश शोधणाऱ्याला हिच्यात काही मिळत नाही. झरा, गाव, शेतं, पायवाट, डोह, झाड, संपलं. नजर कशी फिरते ते पाहा. पैल टेकडीकडचं चार घरांचं गाव लांब दिसतं, पुढे शेतमळ्यांची गर्दी, त्यातून पांढरी पायवाट निघते, ती कुरणातून काळ्या डोहाकडे उतरते. दूरचं जवळ येतं आणि उजळ रंग गडद होत जातो. शेवटच्या दोन ओळी अशा:

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर

'पसरी' या क्रियापदाचा कर्ता कोण? 'काळिमा' धरला तर काळिमाच लाटांवर पसरतो. 'औदुंबर' धरला तर झाडच पाणी झाकून काळिमा पसरवतं. व्याकरण दोन्ही बाजूंनी जुळतं, त्यामुळे एकच बरोबर उत्तर काढायची गरज नाही. महत्त्वाचं हे की ज्याच्या नावाची कविता आहे तो आठव्या ओळीच्या अगदी शेवटच्या शब्दात येतो. तोवर आपण त्याच्याकडे जाणाऱ्या वाटेवर असतो. संदेश नसला म्हणून काही घडलं नाही असं कोण म्हणेल? या झाडाला विरक्त म्हणा, उदास म्हणा, तृप्त म्हणा. पण आधी ते पाण्यात पाय टाकून बसलेलं दिसलं पाहिजे. ज्यांना ते दिसतच नाही, त्यांनी नाशिकजवळच्या सोमेश्वरच्या बाजूला गोदावरीवर झुकलेल्या एखाद्या झाडाची सावली तिन्हीसांजेला पाहून यावी आणि मग कविता पुन्हा वाचावी. समीक्षेच्या दहा पानांपेक्षा जास्त उपयोग होईल.

आता दुसरी तक्रार: अर्थ लागतो पण मजा येत नाही. हा बहुधा कानाचा प्रश्न असतो. बातमी वाचायच्या वेगाने आणि मुक्याने वाचलं तर कवितेचा अर्धा ऐवज वगळला जातो. 'औदुंबर'ची पहिली ओळ 'ऐल तटावर / पैल तटावर / हिरवाळी घेउन' मोठ्याने म्हणा. पहिले दोन तुकडे आठ-आठ मात्रांचे आहेत (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन), तिसरा त्याहून लांब. पाणी दोनदा वळून पुढे निघाल्यासारखं वाटतं ते या मापामुळे. अभंगात मात्रा नव्हे, अक्षरं मोजायची: 'सुंदर ते ध्यान / उभे विटेवरी / कर कटावरी / ठेवोनिया' म्हणजे ६, ६, ६, ४. दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं आणि चौथा दोन अक्षरांनी आखूड पडतो. आवाज तिथे टेकतो. हे मोजणं दोन मिनिटांचं काम आहे. रोज करायचं नाही, पण एकदा बोटांवर केलं की नंतर कान स्वतःच मोजतो.

मोठ्याने वाचताना दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, शाळेतली चाल: प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर खाली टाकायचा. त्याने वाक्याचे तुकडे होतात. ओळीअखेर अर्धा श्वास थांबा, पण वाक्य पुढे चालू असेल तर आवाज उतरू देऊ नका. मुक्तछंदात तर हे फारच जपावं लागतं, कारण ओळ कुठे तोडली हेच तिथलं मुख्य हत्यार असतं. दुसरी अडचण गाण्यांची. अनेक कविता आपल्याला भावगीत म्हणूनच माहीत असतात. कुठे थांबायचं, काय घोळवायचं हे संगीतकाराने आधीच ठरवलेलं असतं. अशी कविता एकदा मुद्दाम सपाट आवाजात वाचा. चाल फारच चांगली असेल तर हे जमणं कठीण, हे मान्य. मग ती कविता सध्या सोडून द्या.

काही वेळा भाषा सोपी असते आणि अडचण संदर्भाची असते. इथे नाशिककराला उलट फायदा आहे. कुसुमाग्रजांच्या 'कणा'मधली 'गंगामाई' बाहेरच्या वाचकाला उत्तरेकडे नेऊ शकते. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि पूर किती चढला हे नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात. त्या पुराला कवितेतला माणूस 'पाहुणी' म्हणतो. घर गेलेला माणूस नदीबद्दल एक कडू शब्द काढत नाही, उलट डोळ्यांत राहिलेल्या पाण्याला 'प्रसाद' म्हणतो. कवितेचं सगळं बळ या आवरलेल्या सुरात आहे. पण 'फक्त लढ म्हणा' ही शेवटची ओळ भाषणांत आणि फलकांवर इतकी वापरली गेली आहे की वाचक मधल्या ओळींवरून धावत तिच्याकडेच जातो. संदेश हाती लागला आणि कविता निसटली, याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

तसंच नाशिकच्या काळाराम मंदिराचं. भक्तिकाव्यात हे नाव आलं तर मूर्ती दिसते. दलित कवितेत आलं तर त्यामागे २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह असतो आणि बंद दार दिसतं. 'तळं' किंवा नुसतं 'पाणी' आलं तरी १९२७चा महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह मनात ठेवून वाचावं लागतं. हे कवी तळटीप देऊन सांगत नाही. ज्यांच्यासाठी लिहिलंय त्यांना ते माहीत आहे असं धरून चालतो. आपण त्यांच्यात नसलो तर थोडी माहिती मिळवावी, त्यात कमीपणा काही नाही.

गझल वाचताना वेगळाच घोळ होतो. वाचक सलग कविता समजून तिसऱ्या शेराचा दुसऱ्याशी संबंध लावत बसतो. शेर दोन ओळींचा आणि स्वतंत्र असतो. सगळ्यांना बांधतात ते काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर दर वेळी तसाच येणारा शब्द). एक शेर आवडला आणि बाकीचे नाही, तरी हरकत नाही.

आता निवड. कुसुमाग्रजांचं गाव म्हणून लोक त्यांचा 'विशाखा' (१९४२) हा संग्रह भेट देतात आणि नवा वाचक तिथेच अडतो. संग्रह थोर आहे, पण त्याची संस्कृतप्रचुर भाषा पहिल्या दिवसासाठी नाही. त्यांच्याच नंतरच्या 'मुक्तायन'पासून सुरुवात केलेली बरी. मग बहिणाबाई, पण मोठ्यानेच. खानदेशी बोलीत 'ळ'चा 'य' होतो हे एकदा कळलं की डोळ्यांना परकं वाटणारं कानाला लगेच ओळखीचं वाटतं. नंतर नारायण सुर्व्यांचं 'माझे विद्यापीठ' (१९६६), मग बालकवी, मग मर्ढेकर. ग्रेस सगळ्यांत शेवटी. त्यांच्या कवितेत अन्वय लावूनही प्रतिमा एकमेकींशी सरळ जुळत नाहीत. तिथे आधी सूर ऐकायचा, अर्थाची घाई केली तर फक्त चिडचिड होते. पुस्तकांवर आधीच पैसे घालू नका. सार्वजनिक वाचनालयाचं, म्हणजे आपल्या १८४० सालच्या 'सावाना'चं सभासदत्व घ्या आणि चाळून पाहा.

एका बैठकीत तीन कविता पुष्कळ झाल्या. ऐंशी कवितांचा संग्रह कादंबरीसारखा रात्रीत संपवणं म्हणजे लोणच्याची बरणी जेवण म्हणून खाणं. एक कविता मुक्याने, मग मोठ्याने, मग पेन्सिल घेऊन, दहा-पंधरा मिनिटं. तिसऱ्या वाचनानंतरही बंदच राहिली तर जिथे अडलं तिथे खूण करून पुढे चला. काही महिन्यांनी परत या.

कविता वाईटही असू शकते, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. मोबाइलवर फिरणाऱ्या बऱ्याच कविता म्हणजे तोडून लिहिलेलं गद्य असतं. सगळ्या ओळी सलग जोडून परिच्छेद करा आणि वाचा. काहीच गमावलं नाही असं वाटलं तर ओळी तोडायचं कारणच नव्हतं. अवघडपणाचं सोंगही असतं: प्रत्येक नामाला एक अनपेक्षित विशेषण, आणि ते बदलून दुसरं घातलं तरी काही बिघडत नाही. मर्ढेकरांचं 'ओल्या' बदलून पाहा, लगेच बिघडेल.

समीक्षा किंवा रसग्रहणाचं पुस्तक स्वतः तीनदा वाचून झाल्यावर उघडा. दोन-चार जणांनी मिळून वाचणार असाल तर एकाने कविता दोनदा म्हणावी, पहिल्यांदा बाकीच्यांनी कागद न बघता ऐकावी. नंतर प्रत्येकाने अर्थ न सांगता फक्त अडकलेला किंवा आवडलेला एक शब्द सांगावा. अर्थाची चर्चा त्यानंतर. आधी सुरू केली तर जो सगळ्यांत मोठ्याने बोलतो त्याचा अर्थ ठरतो, आणि बाकीचे पुन्हा शाळेच्या बाकावर जाऊन बसतात.