तुमचे प्रश्न : बेबी, अ‍ॅटलस आणि टॉम किलबर्न

मागच्या अंकात जुन्या कॉम्प्युटर्सवर लिहिताना मँचेस्टरच्या टॉम किलबर्नचं नाव दोन ओळींत उरकलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं पान त्यांनाच देऊन टाकलंय.

प्रश्न : मँचेस्टर युनिव्हर्सिटीचा पहिला कॉम्प्युटर अ‍ॅलन ट्युरिंगनी बनवला असंच मी आजवर वाचलंय. मग हे किलबर्न कुठून आले मधेच?

मधे ट्युरिंग आले हो! मशीन चालू झालं 21 जून 1948 ला, आणि ट्युरिंग तिथे रुजू झाले त्यानंतर काही महिन्यांनी. त्यांचं काम डोंगराएवढं आहे, वादच नाही, पण हे मशीन फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल या तिघांचं. किलबर्न जन्मले 1921 मध्ये, यॉर्कशायरमधल्या ड्यूजबरीचे, केंब्रिजला गणित शिकले आणि महायुद्धात माल्व्हर्नच्या रडार संशोधन केंद्रात विल्यम्सच्या हाताखाली आले, इलेक्ट्रॉनिक्स तिथेच अंगवळणी पडलं.

त्या काळात खरं घोडं अडलं होतं ते मेमरीवर. हिशोब करणारी सर्किटं जमत होती पण आकडे ठेवायचे कुठे? विल्यम्स आणि किलबर्न या दोघांनी रडारमधली पिक्चर ट्यूब घेतली, तिच्या पडद्यावर इलेक्ट्रॉनचा झोत टाकून विद्युतभाराचे ठिपके उमटवले, आणि तो भार सेकंदाच्या आतच गळून जातो म्हणून मशीननेच ठिपके वाचायचे आणि परत लिहायचे, वाचायचे आणि परत लिहायचे, असं सतत. तुमच्या लॅपटॉपची रॅम आजही अशीच सारखी रिफ्रेश होत असते. 1947 संपेपर्यंत एका ट्यूबवर 2048 बिट, म्हणजे 0 किंवा 1 असे 2048 ठिपके, टिकवून दाखवले होते. आता ही मेमरी खरंच कामाची आहे का ते बघायला तिच्याभोवती एक छोटा कॉम्प्युटर उभा केला, तोच ‘बेबी’. म्हणजे मेमरी टेस्ट करायला म्हणून बांधलेलं यंत्र, आणि ते ठरलं मेमरीत साठवलेला प्रोग्रॅम चालवणारं जगातलं पहिलं इलेक्ट्रॉनिक मशीन.

प्रश्न : पहिला प्रोग्रॅम म्हणे 52 मिनिटं चालला. असं काय काढत होते?

2 चा 18 वा घात म्हणजे 2,62,144. त्याचा स्वतःहून लहान असा सगळ्यात मोठा विभाजक शोधायचा. शाळेतलं पोरही सांगेल, निम्मे करा, 1,31,072. पण किलबर्ननी लिहिलेला प्रोग्रॅम मुद्दाम लांबच्या वाटेने जात होता, 2,62,144 च्या लगेच खालच्या आकड्यापासून एकेक उतरत प्रत्येकाने भागून बघायचं, आणि बेबीला भागाकार येतच नव्हता, बेरीजही नाही, फक्त वजाबाकी! त्यामुळे भागाकार म्हणजे वजाबाकीवर वजाबाकी. साधारण 35 लाख ऑपरेशन्स झाली, आणि उत्तर बरोबर आलं. उत्तराची कुणाला पडली होती म्हणा, ते आधीच माहीत होतं, बघायचं होतं ते एवढंच की मशीन इतका वेळ न चुकता चालतंय का. आणि प्रोग्रॅम किती मोठा, तर 17 सूचनांचा.

प्रश्न : कॉलेजमध्ये व्हर्च्युअल मेमरी शिकवताना सर ‘अ‍ॅटलस’चं नाव घेतात. ते पण यांचंच?

हो, आणि मला विचाराल तर बेबीपेक्षा हे काम मोठं. अ‍ॅटलस या कॉम्प्युटरचं उद्घाटन 7 डिसेंबर 1962 ला झालं, फेरांटी कंपनीसोबत बांधलेलं. अडचण अशी की वेगवान कोअर मेमरी महाग, म्हणून थोडीच, आणि ड्रमवर, म्हणजे डेटा साठवणाऱ्या फिरत्या चुंबकीय नळकांड्यावर, जागा भरपूर पण तो हळू. म्हणजे ओट्यावर मावेल तेवढंच आणि बाकी माळ्यावर. तोवर प्रोग्रॅमरलाच लक्षात ठेवावं लागायचं की कुठला डेटा कधी खाली आणायचा आणि कधी वर टाकायचा, निम्मं डोकं त्यातच जायचं. किलबर्नच्या टीमने ठरवलं की ही चढउतार मशीन करेल, प्रोग्रॅमरला सगळी मिळून एकच मोठी मेमरी दिसेल. 512 शब्दांचं एक (शब्द म्हणजे मशीन एका वेळी हाताळतं तेवढा बिटचा गठ्ठा) अशी मेमरीची पानं पाडली, हवं ते पान जागेवर नसलं की मशीन थांबून ते ड्रमवरून आणतं, आणि कुठलं पान बाहेर काढायचं ते आधीच्या वापरावरून ठरवतं. आज तुमचा फोन पण हेच करतोय. एवढं असून पेपरात प्रश्न येतो पेजिंगवर, म्हणजे याच पानांच्या युक्तीवर, आणि माणसाचं नाव कुणालाच माहीत नसतं, हे मला खटकतं.

1964 मध्ये त्यांनी मँचेस्टरला कॉम्प्युटर सायन्सचा स्वतंत्र विभाग काढला, ब्रिटनमधला पहिला, आणि तिथली इमारत आता त्यांच्याच नावाची आहे.

प्रश्न : आमचे हे पण कॉम्प्युटरवालेच, घरी असून नसल्यासारखे. एवढी कामं करणाऱ्या माणसाला घर दिसत तरी होतं का?

दिसत होतं ताई. 1943 मध्ये आयरीनशी लग्न झालं, तेव्हा ते अवघे बावीसचे, एक मुलगा एक मुलगी. सुट्टी म्हणजे घरच्यांना घेऊन ब्लॅकपूलचा समुद्रकिनारा, दरवेळी तेच, फक्त एक अट, मँचेस्टर युनायटेडच्या सीझनच्या पहिल्या मॅचला परत यायचं! आता याला फॅमिली मॅन म्हणायचं की फुटबॉलवेडा ते तुम्ही ठरवा.

पुढे आयरीनची तब्येत खालावत गेली, तेव्हा त्यांनी तिच्याजवळ राहता यावं म्हणून साठीलाच निवृत्ती घ्यायचं ठरवलं, 1981 ची गोष्ट. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती गेली. ज्यासाठी खुर्ची सोडली ते काही वाट्याला आलं नाही. पण विभाग काढून जेमतेम सतरा वर्षं झालेली, नाव एवढं मोठं, अशा वेळी बायकोच्या आजारपणासाठी बाहेर पडायचं ठरवणारे प्रोफेसर तेव्हाही कमीच असतील. तुमच्या ह्यांना हे वाचायला द्या, पण मॅचचा भाग वगळून.

प्रश्न : ओरिजिनल बेबी बघायला मिळेल का?

नाही. ती तेव्हाच पुढच्या मशीनमध्ये, मँचेस्टर मार्क 1 मध्ये, विरघळली. मँचेस्टरच्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये आहे ती नंतर बांधलेली चालती प्रतिकृती. 1998 मध्ये पन्नास वर्षं झाली तेव्हा ती सुरू करायला किलबर्न आणि टूटिल दोघंही हजर होते. किलबर्न त्यानंतर जानेवारी 2001 मध्ये गेले, मँचेस्टरमध्येच.