जि. प. शाळेसाठी शैक्षणिक साहित्य घेताना आधी काय बघावं?

तुम्ही लिहिलंय की शाळा नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात आहे, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, पट 38. संयुक्त शाळा अनुदानाच्या, म्हणजे सरकारकडून शाळेला वर्षाला खर्चासाठी मिळणाऱ्या, 25 हजारांतून वीजबिल, स्वच्छता, दुरुस्ती वजा जाता साहित्याला 12 हजार उरतात. विक्रेता कॅटलॉगमधला तयार संच घ्या म्हणतोय. घ्यावा का?

माझं म्हणणं, लगेच घेऊ नका. मी 17 वर्षं प्राथमिकला शिकवतोय. आधी आठवडाभर मुलं नेमकी कुठे अडतात ते वहीत टिपा.

माझ्या दुसरीतली एक मुलगी ‘एकोणचाळीस’ म्हटलं की 49 लिहायची. तिला ‘चाळीस’ ऐकू यायचं, ‘एकोण’चा नऊ माहीत होता, दोन्ही जोडून मोकळी. फळ्यावर चार दिवस समजावलं, फरक नाही. मग शंभर मण्यांची गणितमाळ हातात दिली, दहा लाल, दहा पांढरे अशी. तिने चाळीस मोजले. म्हटलं, आता एक उणा कर. तिने एक मणी मागे सारला, उरलेले बोटाने चाचपले आणि ओरडली, “तीन दहा आन् नऊ!” ती माळ आम्ही शाळेतच ओवली होती. दशकाचे गठ्ठेही आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँडचे.

म्हणून गणितावर फार पैसे घालू नका, गोष्टींच्या पुस्तकांवर घाला. पानावर एक-दोन ओळी, अक्षर मोठं, चित्र बोलकं. दुकानात पुस्तक उघडून एक पान मोठ्याने वाचून बघा, आपलीच जीभ अडखळली तर ते पहिलीला नको. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत, छापायलाही परवानगी आहे.

तुमच्याकडे मुलांची घरची बोली पावरी असेल तर तयार अक्षरकार्डं जपून निवडा. चित्रातल्या वस्तूला घरी वेगळं नाव असेल, तर मूल बरोबर ओळखूनही त्याचं अक्षर चुकतं. ही कार्डं मुलांच्या आयांना शाळेत बोलावून, त्यांना विचारून तुम्हीच करा. हे काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

टीव्हीचा विचार सध्या सोडा. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरून दीक्षा या सरकारी अ‍ॅपचे व्हिडिओ मोबाइलवर उतरवून घ्या, सहा-सात मुलांच्या गटाला तेवढं पुरतं.

आणि कपाटाचं बघा. डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद झाली की हरवल्यास भरपाईची भीती, म्हणून साहित्य कुलपात जातं. मी एका शाळेत रुजू झालो तेव्हा गणितपेटीचं प्लॅस्टिकही निघालेलं नव्हतं, आणि ती पेटी ज्यांच्यासाठी आली ती मुलं तोवर सहावीत गेली होती. काड्या, मणी, कार्डं यांची नोंद उपभोग्य वस्तूंत करा, झिजणार-फाटणार हे शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात आधीच लिहून घ्या. मांडणी मुलांच्या हाताला येईल अशी, खिडकीखाली. कुलूप नको.