बाष्पदाबावर भाळू नकोस
अरे, नुसता बाष्पदाब, म्हणजे पदार्थ किती सहज उडतो त्याचं माप, बघून वासाचा जोर ठरवू नकोस. मीही तिथंच फसलो होतो. ॲसिटोन २० अंशाला जवळपास २४ किलोपास्कल, भर्रकन उडतं, पण नाकाला कळायला हवेत भरपूर लागतं. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचा पदार्थ, जेमतेम उडतं, तरी बाटलीचं झाकण काढलं की कळतं. म्हणून बाष्पदाबाला गंधाच्या उंबरठ्यानं, म्हणजे नाकाला कळायला हवेत कमीत कमी जेवढं लागतं त्यानं, भाग, मग तुलना कर. आणि आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात, पारा चाळिशीपार असताना, पुस्तकातले २५ अंशाचे आकडे चालायचे नाहीत.

एक मात्र ऐक. डाईंगच्या गटारीपाशी सडक्या अंड्यांचा वास येऊन अचानक गेला, तर गणित सोड, बाहेर पळ. तो वास हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूचा; हवेच्या दहा लाख भागांत तो शंभरेक भाग झाला की नाकच बधिर होतं, वायू मात्र तिथंच असतो.